ठिपका असेल तरच गाडी

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साचतात. कूलरमधलं पाणी आणि किस्से. पाणी आम्ही दर शनिवारी ओतून देतो, म्हणजे रजिस्टरला तसं लिहितो. किस्से ओतायला मात्र जागा नाही. टपरीवर सांगावेत तर लोक पोट धरून हसतात, आणि हसून झालं की विचारतात, "मंग पुढं काय झालं?" तिथं माझी पंचाईत होते. कारण पुढं जे झालं ते हसण्यासारखं नसतं.

मी जोगदंड. बीड जिल्ह्यात साथरोगाच्या कामावर डेटा ऑपरेटर. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. असे सात खंड पचवलेत.

पूर्वी माझ्या टेबलावर एक फोनवही असायची. गावातून आशाताईंचा नाहीतर उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन यायचा, "जुलाब लई सुरू झालेत, पाच-सहा घरं हायत." मी वहीत लिहायचो, साहेबांना दाखवायचो, आणि दुपारपर्यंत डॉक्टर आणि औषधं घेऊन गाडी गावात. फार भारी पद्धत होती असं नाही. पण गाडी जायची.

मग स्क्रीन आली.

*

स्क्रीन लावायला पुण्याहून रोहन नावाचा इंजिनिअर आला. पोरगा हुशार आणि मनानं चांगला. त्यानं समजावलं, "सर, लोक आजारी पडले की डॉक्टरच्या आधी मोबाइलला विचारतात. कुठल्या भागातून 'ताप', 'जुलाब', 'गोवर' असे शब्द जास्त सर्च होतात ते आपल्याला कळतं. नकाशावर ठिपका येतो. आधी पिवळा, मग केशरी, मग लाल. दवाखान्यात गर्दी व्हायच्या आधीच आपल्याला खबर!"

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. रोहननं हेही सांगितलं की, "ही स्क्रीन तुमच्या फोनवहीच्या जोडीला वापरायची."

साहेब म्हणाले, "दोन-दोन कशाला?"

आमचे साहेब स्वतः डॉक्टर. त्यांनी त्याच मीटिंगमध्ये नियम केला. ठिपका असेल तरच गाडी, ठिपका असेल तरच जादा औषध. फोनवही बंद! मी वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेननं 'बंद' लिहिलं आणि खाली सही केली. सही माझी आहे. ती मला अजून छळते.

आमचे ड्रायव्हर शेख मामू बाहेर येऊन म्हणाले, "बरं झालं! आता बीमार पडायचं तर आधी रिचार्ज मारा!"

*

पहिला लाल ठिपका आला तो बीड शहरातच. शब्द बघून साहेबांना घाम फुटला. 'हिवतापाचा डास', 'कॉलऱ्याची लक्षणे', 'क्षयरोगाचा जंतू', 'नारू म्हणजे काय'. एकाच गल्लीतून सगळे रोग एकदम! आणि नारू तर देशातून कधीचाच गेलेला!

दोन गाड्या सुटल्या. धुराची मशीन, रक्ताच्या स्लाइड, सगळा लवाजमा. गल्लीत पोचलो तर एका ओळीत चार अभ्यासिका. आमच्या लोकांनी काही न विचारता आत धूर सोडला. पन्नास-साठ पोरं खोकत, डोळे चोळत, हातात पुस्तकं घेऊन बाहेर. आरोग्य खात्याच्या भरतीची परीक्षा आठवड्यावर आलेली.

आमचा माणूस फॉर्म काढून विचारायला लागला, "डास चावल्यावर किती दिवसांनी ताप आला? थंडी वाजते का? लघवीचा रंग कसा आहे?" एक दाढीवाला पोरगा सगळं भराभर वहीत उतरवून घेत होता. त्यानं हळूच विचारलं, "सर, हेच येणार हायत का?"

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पेपर फुटला बे! खात्याचे साहेब सोता प्रश्न घेऊन आलेत!"

मामूंनी त्या गल्लीतून गाडी रिव्हर्समध्ये कशी काढली ते मामूंनाच माहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात वीस पोरं उभी. म्हणाली, "प्रश्न मिळालेत साहेब, आता उत्तरं द्या."

*

दुसरा किस्सा केजचा. केज तालुक्यावर 'डेंग्यू'चा पिवळा ठिपका आला. साहेबांनी सगळ्या तालुक्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "तातडीने खातरजमा करा."

खातरजमा म्हणजे काय हे कुणाला ठाऊक? अधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी मोबाइल काढले आणि 'डेंग्यू' टाकून बघितलं. संध्याकाळी ठिपका केशरी. साहेब म्हणाले, "वाढतोय! पुन्हा खातरजमा करा!" पुन्हा सगळ्यांनी बघितलं. सकाळी जिल्ह्याचे अकराही तालुके लाल. पेपरात बातमी आली, ती वाचून लोकांनी सर्च केलं, आणि मग तर नकाशात रंगायला जागाच उरली नाही.

तिसऱ्या दिवशी रोहनचा फोन आला. आवाज पडलेला. "सर, पहिले दोन दिवस हे सर्च तुमच्याच ऑफिसांमधून झालेत."

साहेबांनी परिपत्रक काढलं. 'कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत कोणत्याही आजाराचे नाव मोबाइलवर टाकू नये.' ते नोटीस बोर्डाला डकवलं. शिपाई वाचून म्हणाला, "म्हंजे आता आपुनच साथ हाव की!"

सगळे हसले. मीही हसलो. फक्त त्या तीन दिवसांत केजला कोण गेलं? कुणीच नाही. केजला एसटी जाते, जीपा भरभरून जातात. आमची गाडी तेवढी गेली नाही.

*

मग एक तरुण ऑफिसात तावातावानं आला. पुण्याला कंपनीत कामाला, मूळ घाटनांदूरचा. गावी म्हातारीला ताप, आळीतल्या आणखी चार घरांत ताप. ह्यानं कुठंतरी वाचलेलं की सर्च केलं की सरकारी टीम येते. म्हणून हा बिचारा आठ दिवस पुण्यात बसून रोज सर्च करत होता. ताप, अंगदुखी, प्लेटलेट, पपईच्या पानांचा रस.

"मी सांगायचं तरी कुणाला?" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "माय तिकडं लोळतीय. फोन तिला उचलता येतो, टाइप कुठून करणार? आमच्या आळीतली समदी कर्ती पोरं पुण्यालाच हायत!"

मी स्क्रीन बघितली. घाटनांदूर हिरवंगार. मी रोहनला फोन लावून स्पीकरवर टाकला. रोहन प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, त्यांचा मोबाइल पुण्यात आहे ना, ठिपका पुण्याला पडणार. त्यांनी गावी येऊन सर्च करायला हवं होतं."

पोरगा माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "गावी आलोच तर मायला दवाखान्यात न्हेईन ना ओ! सर्च कावून करू?"

मी साहेबांना विचारायला आत गेलो. ते म्हणाले, "पुण्याला कळवा."

*

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडी, पत्रे, कोंबड्या, लेकरं. धारूर, केज, सगळीकडची गावं रिकामी. मागं राहिले म्हातारे आणि कुलपं.

आणि आमची स्क्रीन! आठवडाभरात नकाशा असा हिरवा झाला की बघत राहावं. ताप नाही, जुलाब नाही, खोकला नाही. वरच्या मीटिंगमध्ये साहेबांचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, 'साथरोग नियंत्रणात उल्लेखनीय घट'. परत येताना साहेब गाडीत पुढच्या सीटवर शाल पांघरूनच बसले होते.

मामू म्हणाले, "साब, मुबारक हो. पण माणूसच न्हाई राहिला तर बीमार कोण पडणार?"

साहेब म्हणाले, "मामू, समोर बघून चालवा."

हा किस्सा मी वाघमारे सिस्टरना फोनवर सांगितला. सिस्टर धारूरच्या पलीकडं, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर. त्या नेहमी खळखळून हसतात, पण त्या दिवशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जोगदंड, माझ्या यादीत नवव्या महिन्याच्या गोवरच्या लशीची चौदा लेकरं हायत. चौदाच्या चौदा फडावर. तिथली सिस्टर म्हणती तुमचं लेकरू, मी म्हणती तुमच्या हद्दीत. लस माझ्या डब्यात आन् लेकरू उसात. ह्याचा ठिपका कोणत्या रंगाचा आसतो?"

*

ती लेकरं चैत्रात परत आली. हा किस्सा म्हणायचा की काय म्हणायचं, मला कळत नाही. पण सांगतो.

सिस्टरचा फोन आला. "जोगदंड, गावात सात दारांना लिंब लागलाय."

आमच्याकडं घरात लेकराला गोवर-कांजिण्या आल्या की आजार म्हणत नाहीत, आई आल्या म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात. परक्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही, घरात फोडणी द्यायची नाही, औषध घ्यायचं नाही. आणि आजाराचं नाव तर घ्यायचंच नाही. सिस्टर बौद्ध घरातल्या, त्यांच्या घरातून देव-देवी आजोबांच्या काळातच गेलेले. पण कुठल्या दाराला कधी डहाळा लागला हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांची तीच स्क्रीन.

मी म्हणालो, "सिस्टर, तुमच्या भागातून गोवरचा एकही सर्च नाही."

"कसा आसंल? आई घरात आलेल्या, त्यांचं नाव तोंडानं घेत न्हाईत, ते बोटानं टाकतील व्हय? दोन दिस बायांच्या दारात बसले. आता पाय धुऊन आत घेत्यात मला. पण हात हलवत जाऊन काय करू? माझ्याकडचं व्हिटॅमिन ए संपलंय. बाटल्या पाठवा, डॉक्टर पाठवा. लेकरं धापा टाकायलीत."

बाटल्या आमच्या स्टोअरमध्ये होत्या. मी साहेबांकडं गेलो.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ठिपका?"

मी रोहनला फोन केला. त्यानं आपल्या मनानंच शोधाशोध केली. तासाभरानं म्हणाला, "सर, गोवर नाहीये. पण त्या भागातून देवीच्या आरत्या आणि देवीची गाणी एकदम वाढलीत. इतकी कधीच नव्हती." मी ते छापून साहेबांसमोर ठेवलं. मला वाटलं, झालं आपलं काम!

साहेब म्हणाले, "जोगदंड, आपलं खातं विज्ञानाचं आहे. लोक आरती ऐकतात म्हणून मी गाडी सोडू? वरून विचारलं तर काय सांगू, देवीनं सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन, नऊ दारं. तिसऱ्या दिवशी, अकरा. मी रोज साहेबांच्या दारापर्यंत जात होतो आणि रोज परत येत होतो. स्टोअरची किल्ली साहेबांकडं असते. मी ती मागून, भांडून, एसटीनं बाटल्या घेऊन गेलो असतो तर? ऑर्डर संपत आली होती. हे कारण मी स्वतःला सांगतो आणि ते मला पटत नाही.

चौथ्या दिवशी सिस्टर फोनवर दोनच शब्द बोलल्या, "आरुषी गेली."

दोन वर्षांची होती. जन्म फडावरचा. चौदा जणांच्या यादीतली नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीच्या यादीतली, तिचीही लस अशीच राहिलेली.

मग गाडी सुटली. डॉक्टर, बाटल्या, सगळं त्याच दुपारी पोचलं. डॉक्टरनी फॉर्ममध्ये मृत्यूचं कारण 'न्यूमोनिया' लिहिलं. गावात गोवरची साथ जाहीरच नव्हती, तर गोवर लिहिणार कसं?

*

आता वरून चौकशी आली म्हटल्यावर साहेबांचा विज्ञानाचा पुळका जरा कमी झाला. त्यांनी रोहनला सांगितलं, "ते देवीचे शब्दसुद्धा घाला यादीत."

रोहननं घातले. पावसाळाभर कुणी लक्ष दिलं नाही. मग आलं नवरात्र.

घटस्थापनेच्या सकाळी नऊला मी स्क्रीन लावली आणि खुर्चीतून उठलोच. अख्खा जिल्हा लाल! आणि अंबाजोगाईवर तर असा ठिपका की शेजारचे दोन तालुके त्याखाली गडप. वरून फोनावर फोन. "बीडमध्ये काय फुटलंय?" साहेब खुर्चीपुढं उभे राहूनच फोन घेत होते. "नाही सर. आरती आहे सर. नाही, आजार नाही, आरती. नऊ दिवस चालेल सर."

मामूंनी दारातून आत डोकावून विचारलं, "साब, गाडी कुठल्या देवळाला लावू?"

दुपारी ते शब्द काढून टाकले. रोहन म्हणाला, "सर, काढू नका, फक्त नवरात्राचे दिवस वगळून बघू. गावातल्या सिस्टरना विचारून ठरवू." साहेब म्हणाले, "एकदा हसं झालं तेवढं पुरे."

*

आणि हा शेवटचा. हा मी टपरीवर सांगत नाही.

दिवाळीच्या आधी आरुषीच्या गावाचा अंतिम अहवाल वर जायचा होता. साहेब अचानक आठ दिवसांच्या रजेवर गेलेले. सहीशिवाय फाइल हलेना. वाघमारे सिस्टरचीही त्यावर सही लागत होती, म्हणून त्या बीडला आलेल्या. आम्ही दोघं सिस्टरच्या स्कूटीवर साहेबांच्या बंगल्याला गेलो. सिस्टरच्या खांद्याला त्यांची नेहमीची बॅग.

फाटक उघडलं आणि सिस्टर थबकल्या.

दाराला कडुलिंबाचा डहाळा होता. ताजा.

साहेब बाहेर आले. अनवाणी, बनियनवर, दाढी वाढलेली. त्यांनी फाइलकडं बघितलंच नाही. म्हणाले, "लेक आलीय पुण्याहून. नातवाला... म्हणजे, घरात आई आल्यात." एम.बी.बी.एस. झालेला माणूस. आवाज इतका हळू की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "आमच्या आईचं वय नव्वद. ती औषधाला हात लावू देत नाही. मी सांगून थकलो. दोन दिवस झाले, पोरगं धापा टाकतंय." मग सिस्टरकडं बघून म्हणाले, "तुम्ही जरा... तुमचं ऐकतात बाया."

मला वाटलं सिस्टर आता बोलतील. बोलाव्यात असं मला फार वाटत होतं. सहा महिन्यांचं सगळं त्यांनी तिथंच, त्या अंगणात ओतावं.

सिस्टरनी चपला काढल्या. म्हणाल्या, "पाय कुठं धुऊ?"

त्या आत गेल्या. आतून म्हातारीचा चढलेला आवाज, मग सिस्टरचा, "आजी, मी आईंना घालवायला आले न्हाई. लेकराला दम खायला मदत करायली," मग हळूहळू म्हातारीचा आवाज उतरला, आणि शेवटी सिस्टरच्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज. मी आणि साहेब अंगणात. साहेबांनी उभ्या-उभ्या फाइलवर सही केली. वरच्याच पानावर आरुषीचं नाव होतं, वय दोन, कारण न्यूमोनिया. त्यांनी ते वाचलं की नाही मला सांगता येणार नाही. पेन परत देताना त्यांनी माझा हात धरला होता.

सिस्टर बाहेर आल्या. "श्वास मोजलेत. व्हिटॅमिन ए पाजलंय, उद्या दुसरा डोस. छाती जराशी भरलीय, आत्ताच दवाखान्यात न्या. आजी हो म्हणल्यात. लेकरू वाचंल."

साहेबांनी हात जोडले.

आम्ही फाटकाबाहेर आलो. सिस्टरनी स्कूटीला किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"किती येळ लागला ओ, जोगदंड?"

मी घड्याळ बघितलं. म्हणालो, "म्हातारीची समजूत काढण्यात गेला तेवढाच. औषधाला म्हणाल तर पाच मिनिटं."

"पाचच," सिस्टर म्हणाल्या, आणि हँडलवर डोकं टेकून रडायला लागल्या.